विजेच्या झटक्याने उठलेली ममी विद्वानांना जाब विचारते तेव्हा... एडगर ॲलन पो यांच्या १८४५ सालच्या कथेची गोष्ट

ममी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली ममी येते. अंगावर लोंबणाऱ्या पट्ट्या, पुढे आलेले हात आणि थडगं उघडणाऱ्यांच्या मागे लागलेला शाप.

पण सिनेमाचा जन्मही झाला नव्हता, तेव्हा एका अमेरिकन लेखकाने वेगळीच ममी उभी केली होती. ती उठते, शिंकते आणि समोरच्या विद्वानांची खरडपट्टी काढते. मग त्यांच्याबरोबर शेकोटीपाशी बसून वाद घालते. आणि त्या वादात जवळपास प्रत्येक मुद्द्यावर जिंकते.

ही कथा म्हणजे एडगर ॲलन पो यांची ‘सम वर्ड्स विथ अ ममी’. मराठीत सांगायचं तर ‘एका ममीशी चार शब्द’.

आपलं युग सगळ्यात पुढारलेलं, ही समजूत प्रत्येक पिढीला असते. पो यांनी तिची फिरकी घेतली ती अशी.

कथा कधी आणि कुठे आली?

एडगर ॲलन पो (१८०९-१८४९) हे भयकथांसाठी आणि गुप्तहेरकथांचे एक जनक म्हणून ओळखले जातात. १८४५ च्या जानेवारीत त्यांची ‘द रेव्हन’ ही कविता आली आणि त्यांचं नाव अमेरिकेत सगळीकडे झालं.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८४५ मध्ये, ‘अमेरिकन रिव्ह्यू’ या मासिकात ही ममीची कथा छापून आली. भयकथेच्या अपेक्षेने वाचायला घेतली तर फसगत होते, कारण ही पहिल्या परिच्छेदापासून विनोदी कथा आहे.

कथेत नेमकं काय घडतं?

कथा सांगणाऱ्या माणसाला आदल्या रात्रीच्या मेजवानीमुळे डोकेदुखी झालेली असते. आज हलकंच जेवायचं, असं तो ठरवतो. पण हे ‘हलकं’ जेवण म्हणजे भरपूर चीज घातलेला ‘वेल्श रॅबिट’ नावाचा पदार्थ आणि जोडीला काळ्या बिअरच्या बाटल्या. एवढं रिचवून तो झोपतो.

थोड्याच वेळात दार वाजतं. डॉक्टर पोनॉनर यांची चिठ्ठी आलेली असते. शहरातल्या संग्रहालयाने ममी उघडून तपासायला परवानगी दिली आहे, आज रात्री अकरा वाजता घरी या.

डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलावर ममी ठेवलेली असते. एकात एक बसवलेल्या पेट्या उघडल्या जातात. पेटीवरच्या चित्रलिपीतून नाव वाचलं जातं : अल्लामिस्टेकिओ. शरीर उत्तम अवस्थेत असतं. विशेष म्हणजे आतडी काढण्यासाठी पोटावर जी चीर दिलेली असते, ती कुठेच सापडत नाही.

रात्रीचे दोन वाजतात. चिरफाड उद्यावर ढकलून सगळे उठणार, तेवढ्यात कोणाच्या तरी डोक्यात येतं, बॅटरी लावून बघू या का? गंमत म्हणून ते ममीच्या कपाळाजवळच्या स्नायूला विजेचा झटका देतात. काही होत नाही. पण जाता जाता कोणाच्या तरी लक्षात येतं की मघाशी उघडे दिसणारे डोळे आता मिटलेले आहेत.

मग पायाच्या अंगठ्याजवळ झटका दिला जातो. ममी गुडघा वर घेते आणि अशी लाथ मारते की डॉक्टर खिडकीतून थेट रस्त्यावर पडतात. त्यावर कोणी घाबरून प्रयोग थांबवत नाही. उलट उत्साह वाढतो, आणि पुढचा झटका नाकाच्या शेंड्याला दिला जातो.

ममी डोळे उघडते, शिंकते, उठून बसते आणि डॉक्टरांच्या तोंडासमोर मूठ नाचवते.

ममीचं पहिलं वाक्य शापाचं नसतं

कथेतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण इथे आहे. जागा झालेला माणूस शाप देत नाही. तो तक्रार करतो, आणि तीही दुखावलेल्या सभ्य माणसासारखी.

डॉक्टरबद्दल त्याचं फारसं म्हणणं नसतं. तो मूर्खच आहे, त्याला काय कळणार, असा त्याचा सूर असतो. त्याचा राग आहे तो तिथे बसलेल्या दोन जाणकारांवर. तुम्ही इजिप्तमध्ये राहिलात, आमची भाषा बोलता, तुम्हाला मी मित्र समजत होतो. आणि तुमच्या डोळ्यांदेखत कोणीही यावं, माझ्या पेट्या फोडाव्यात, या थंडीत माझे कपडे काढावेत, माझं नाक ओढावं, आणि तुम्ही नुसतं बघत राहावं?

टेबलावर जी ‘वस्तू’ होती, ती माणूस निघाली. आणि तिचा आक्षेप अगदी साधा आहे : मला विचारलं कोणी होतं?

विद्वान मंडळी माफी मागतात, विज्ञानाला यातून किती फायदा होतो हे समजावतात. पाहुणा मोठ्या मनाने ते मान्य करतो. मग त्याच्या जखमांना मलमपट्टी होते. थंडी वाजते म्हणून त्याला कोट, विजार, हातमोजे, टोपी असा त्या काळचा पूर्ण पोशाख चढवला जातो, आणि विसंगत रंगांच्या या कपड्यांत तो विचित्र दिसतो. शेवटी चिरूट आणि वाइन मागवली जाते आणि गप्पा सुरू होतात.

नावांतली गंमत आणि दोन खरी माणसं

अल्लामिस्टेकिओ हे नाव इजिप्शियन वाटतं, पण मोठ्याने म्हणून पाहिलं की त्यात ‘ऑल अ मिस्टेक’ ऐकू येतं. म्हणजे सगळीच चूक. पोनॉनर हे नावही ‘अपॉन ऑनर’ म्हणजे ‘शपथेवर सांगतो’ या शब्दांची मोडतोड आहे.

पण ममी ज्या दोघांवर चिडते, त्यांची नावं खऱ्या माणसांची आहेत.

पहिले जॉर्ज ग्लिडन. हे कैरोमध्ये अमेरिकेचे उप-वाणिज्यदूत होते. १८४० च्या दशकात ते अमेरिकेतल्या शहरांत फिरून प्राचीन इजिप्तवर व्याख्यानं देत आणि ती तुफान गर्दी खेचत.

दुसरे सिल्क बकिंगहॅम, म्हणजे जेम्स सिल्क बकिंगहॅम. हे इंग्लिश प्रवासी आणि पत्रकार. भारताच्या इतिहासातही त्यांना जागा आहे. १८१८ साली कोलकात्यात ‘कलकत्ता जर्नल’ हे वृत्तपत्र त्यांनीच सुरू केलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर सतत टीका केल्यामुळे १८२३ मध्ये त्यांना भारतातून हाकलण्यात आलं. कथेत मात्र ममी हलताच हे धाडसी गृहस्थ रांगत टेबलाखाली शिरतात.

ग्लिडन यांच्याबाबतीत पुढे जे घडलं ते पो यांनी लिहिलेल्या कथेसारखंच आहे. १८५० मध्ये बोस्टनला त्यांनी लोकांसमोर एक ममी उघडली. पुजाऱ्याची मुलगी म्हणून तिची जाहिरात झाली होती. पट्ट्या सुटल्यावर कळलं की ती बाई नसून पुरुष आहे. देशभर हसं झालं. ते बघायला पो हयात नव्हते.

खरोखर असे कार्यक्रम व्हायचे का?

हो. आणि हे कळल्याशिवाय कथेतली अर्धी टोचणी लक्षात येत नाही.

१७९८ साली नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली. पुढच्या वर्षी रोझेटा शिळा सापडली. १८२२ मध्ये शाम्पोलियाँ यांनी चित्रलिपीचं कोडं सोडवलं. त्यानंतर युरोप आणि अमेरिकेला इजिप्तचं वेड लागलं. फर्निचर, इमारती, स्मशानांच्या कमानी, सगळीकडे इजिप्त दिसू लागलं.

या वेडात ममी हा बाजारात मिळणारा माल झाला. लंडनमध्ये थॉमस पेटिग्रू हे शल्यविशारद जमलेल्या प्रेक्षकांसमोर ममी उघडून दाखवत. त्यांचं नावच ‘ममी पेटिग्रू’ पडलं होतं. अमेरिकेतही बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला १८२३ मध्ये एक ममी भेट म्हणून मिळाली होती. ती आजही तिथे आहे.

विजेचा भाग तरी निव्वळ कल्पनेचा होता का? तोही नव्हता. मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलतात, हे गॅल्व्हानी यांनी अठराव्या शतकातच दाखवलं होतं. १८०३ मध्ये त्यांचे भाचे अल्दिनी यांनी लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताला वीज लावली. त्याचा जबडा हलला, एक डोळा उघडला. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी याच वातावरणात, १८१८ साली आली. १८२७ मध्ये जेन वेब यांनी विजेने जाग्या झालेल्या ममीवर अख्खी कादंबरी लिहिली होती. पो यांनी ही कल्पना घेतली आणि तिला विनोदाकडे वळवलं.

‘आमच्याकडे आहे, तुमच्याकडे होतं का?’

अल्लामिस्टेकिओ सांगतो की त्याला पुरून ५,०५० वर्षं झाली. तो मेला नव्हताच. शरीर ताठ होऊन माणूस मेल्यासारखा दिसतो, अशा अवस्थेत त्याला जिवंतच मसाले भरून ठेवलं गेलं. त्याच्या घराण्यात मेंदू आणि आतडी काढण्याची पद्धत नसल्यामुळे तो वाचला.

यानंतर सुरू होतो सामना. एकेक आधुनिक गोष्ट पुढे करायची आणि पाहुण्याला खाली बघायला लावायचं.

डोक्यावरच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याचं ‘शास्त्र’, म्हणजे फ्रेनॉलॉजी? ते इजिप्तमध्ये येऊन, भरभराटून, विस्मृतीतही गेलं. मेस्मेरिझम? थीब्जच्या पंडितांपुढे तो पोरखेळ. न्यूयॉर्कचं कारंजं आणि वॉशिंग्टनचं कॅपिटॉल? तो एका दुय्यम राजवाड्याच्या नुसत्या प्रवेशदालनात १४४ खांब होते, असं सांगतो. आगगाडी? आमच्या लोखंडी खाचांच्या रस्त्यांवरून अख्खी देवळं नेली जात.

निवेदकाचं अज्ञान हा यातला वेगळाच विनोद आहे. खगोलशास्त्राबद्दल तो आणखी विचारणार, तेवढ्यात मंडळींतला एक माणूस कानात सांगतो, टॉलेमी वाच म्हणजे कळेल. हा टॉलेमी कोण, हेच निवेदकाला माहीत नसतं. ज्या युगाची तो बढाई मारतो, त्याचं ज्ञान कुठून आलं याचा त्याला पत्ताच नाही.

‘मॉब’ नावाचा हुकूमशहा

मग विद्वान मंडळी हुकमी पत्ता काढतात : लोकशाही.

पाहुणा म्हणतो, असंच काहीसं आमच्याकडेही झालं होतं. तेरा प्रांतांनी स्वतंत्र व्हायचं ठरवलं. शहाणे लोक जमले, उत्तम राज्यघटना केली. काही काळ बरं चाललं, फक्त बढाया मारायची सवय भयंकर होती. मग त्यांच्यात आणखी पंधरा-वीस प्रांत मिसळले आणि शेवट जगातल्या सगळ्यात असह्य जुलूमशाहीत झाला. त्या जुलमी राजाचं नाव काय होतं? मॉब. म्हणजे झुंड.

इंग्लंडपासून फुटून अमेरिका तयार झाली ती तेरा वसाहतींची. कथा छापून आली तेव्हा राज्यांची संख्या २७ झाली होती. टोमणा कोणाला आहे हे अमेरिकन वाचकाला सांगावं लागलं नसेल.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पो दक्षिणेत वाढले होते आणि सामान्य माणसाच्या हाती सत्ता जाण्याबद्दल त्यांच्या मनात अढी होती. झुंडशाहीची भीती खरी असू शकते. पण १८४५ च्या अमेरिकेत लाखो माणसं गुलाम होती आणि स्त्रियांना मत नव्हतं. तिथे लोकशाही फार झाली होती असं नाही, ती पुरेशी झालीच नव्हती. त्याबद्दल ही कथा गप्प आहे.

कवट्या मोजणारे आणि बोलणारी कवटी

ग्लिडन यांच्या नावामागे आणखी एक गडद पदर आहे. ते इजिप्तमधून कवट्या मिळवून फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टन यांना पाठवत. मॉर्टन त्या मोजून मानववंशांची उतरंड लावत. त्यांचं ‘क्रेनिया इजिप्टिआका’ हे पुस्तक १८४४ साली आलं, म्हणजे या कथेच्या आदल्याच वर्षी. प्राचीन इजिप्तची थोरवी गोऱ्यांच्या खात्यावर मांडायची आणि काळ्या माणसांना तिथेही गुलामच ठरवायचं, असा या मांडणीचा रोख होता. पुढे ग्लिडन आणि जोसाया नॉट यांनी १८५४ मध्ये ‘टाइप्स ऑफ मॅनकाइंड’ हे पुस्तक काढलं. गुलामगिरीच्या समर्थकांनी त्याचा भरपूर वापर केला.

आज हे सगळं टाकाऊ विज्ञान मानलं जातं. पो यांनी त्याला ठरवून विरोध केला असं म्हणता येत नाही. पण कथेचं चित्र बोलकं आहे. ज्यांची डोकी मोजली जात होती, त्यांच्यातलाच एक टेबलावर उठून बसतो आणि मोजणाऱ्यांनाच निरुत्तर करतो.

मेलेला लेखक आपलं पुस्तक शोधतो

कथेतला सगळ्यात भन्नाट भाग थोडा बाजूला आहे, त्यामुळे पुष्कळदा नजरेतून सुटतो.

पाहुणा सांगतो की इजिप्तमध्ये माणसं साधारण आठशे वर्षं जगत. एखादा इतिहासकार पाचशेव्या वर्षी पुस्तक लिहायचा आणि काही शतकांसाठी स्वतःला ममी करून घ्यायचा. परत जागा झाला की बघायचा, तर त्याच्या पुस्तकाचा टीकाकारांनी पार चिखल केलेला असायचा. टिपांवर टिपा, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या, त्यावर भांडणं. मूळ मजकूर शोधायलाच दिवा घेऊन फिरावं लागे. मग तो स्वतः बसून सगळं नीट लिहून काढायचा.

कोणाच्या तरी नावावर भलतीच वाक्यं फिरणाऱ्या सोशल मीडियाच्या काळात ही सोय किती उपयोगी पडली असती, हे वेगळं सांगायला नको.

आधुनिक युग शेवटी कशावर जिंकतं?

सगळे पत्ते हरल्यावर डॉक्टर पोनॉनर मोठ्या ऐटीत पुढे येतात. सभ्य माणूस म्हणून शपथेवर सांगा, इजिप्तमध्ये कधी पोनॉनरच्या चघळायच्या वड्या किंवा ब्रँड्रेथच्या गोळ्या बनत होत्या का?

पाहुणा लाजतो आणि मान खाली घालतो. एकोणिसावं शतक जिंकतं.

वड्या काल्पनिक आहेत, पण ब्रँड्रेथच्या गोळ्या खऱ्या होत्या. बेंजामिन ब्रँड्रेथ यांच्या या गोळ्या म्हणजे मुळात जुलाबाचं औषध. वर्तमानपत्रांतल्या धडाक्याच्या जाहिरातींमुळे त्या सगळ्या आजारांवरचा उपाय म्हणून खपत. वास्तुकला, यंत्रं, राज्यकारभार, कशातच जमलं नाही. आधुनिक जगाची निर्विवाद आघाडी निघाली ती जाहिरातबाजीच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या जुलाबाच्या गोळीत.

मग पो ‘जुनं ते सोनं’ म्हणत होते का?

कथेचा असा अर्थ काढणं सोपं आहे, पण घाईचं आहे.

पाहुण्याचे दावेही तितकेच अचाट आहेत. आठशे वर्षांचं आयुष्य कोणाचंच नव्हतं. त्याचा काळ धरला तर तो गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीचा ठरतो. शिवाय त्याचं नावच ‘सगळी चूक’. आणि हे सगळं सांगणारा माणूस पोटभर चीज आणि बिअर घेऊन झोपलेला होता, ते स्वप्न नव्हतं याची खात्री काय?

म्हणजे टोपी दोघांचीही उडवली आहे. आमच्याइतकं पुढारलेलं कोणी नव्हतं म्हणणाऱ्यांचीही, आणि हे सगळं आमच्याकडे आधीच होतं म्हणणाऱ्यांचीही. दोन्ही बाजू एकाच आजाराने पछाडलेल्या आहेत : दुसऱ्याचं ऐकण्याआधी आपली बढाई मांडायची.

शेवटी निवेदक घरी येतो. बायकोशी पटत नाही, या शतकाचा कंटाळा आलाय, आणि २०४५ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण असेल हे जाणून घ्यायची उत्सुकता आहे. म्हणून दाढी करून, कॉफी घेऊन तो डॉक्टरकडे जायला निघतो, स्वतःचीच दोनशे वर्षांसाठी ममी करून घ्यायला. ते २०४५ साल आता फार लांब राहिलेलं नाही.

आज ममीला कोणी विचारतं का?

पो यांच्या नंतर ममी हळूहळू भयाकडे सरकली. १८९२ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी माणसांवर हल्ला करणारी ममी रंगवली. १९२२ मध्ये तुतनखामेनचं थडगं सापडल्यावर शापाच्या बातम्यांना ऊत आला. १९३२ मध्ये बोरिस कार्लॉफ यांचा ‘द ममी’ आला. तक्रार करणारी ममी मागे पडली, गळा धरणारी उरली.

संशोधनाची दिशा मात्र उलटी गेली. २०२१ मध्ये आमेनहोतेप पहिला या राजाची ममी एकही पट्टी न सोडता, सीटी स्कॅनने ‘उघडण्यात’ आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कैरोत २२ राजघराण्यातल्या ममी नव्या संग्रहालयात हलवताना त्यांची मानाने मिरवणूक निघाली. ब्रिटनमधली काही संग्रहालयं तर आता ‘ममी’ऐवजी ‘ममी केलेली व्यक्ती’ असा शब्द वापरू लागली आहेत.

आणि एक ममी खरोखर ‘बोललीही’. इंग्लंडमधल्या लीड्सच्या संग्रहालयात नेस्यामुन नावाच्या पुजाऱ्याची ममी आहे. ती १८२४ मध्येच उघडली गेली होती. २०२० साली शास्त्रज्ञांनी स्कॅन करून त्याच्या घशाची आणि तोंडाची पोकळी थ्रीडी प्रिंटरवर बनवली आणि त्यातून आवाज काढला. ऐकू आला तो फक्त एक छोटा स्वर. त्याला न विचारता हे करावं का, यावरही चर्चा झाली. मृत्यूनंतरही आपला आवाज ऐकला जावा, अशी इच्छा त्याच्याशी संबंधित लेखांत दिसते, असं संशोधकांचं म्हणणं होतं.

पो यांच्या कथेवर आता कोणाचा कॉपीराइट नाही, त्यामुळे मूळ इंग्रजी कथा इंटरनेटवर मोफत वाचता येते. साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं वाचन आहे. आणि प्रत्यक्ष ममी बघायची असेल तर इजिप्तला जायची गरज नाही. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आणि सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या वडोदऱ्याच्या संग्रहालयातही एकेक ममी आहे. काचेसमोर उभं राहिल्यावर अल्लामिस्टेकिओची तक्रार तेवढी आठवावी.